तीन देशांचा एक डबा

धुणकेंद्रातलं यंत्र बंद पडलं ते बेसनाच्या लाडवांमुळे, हे शलाकाला यंत्राच्याही आधी कळलं.

सकाळची वेळ. चिमीला पाजता पाजता ती एका हाताने टोस्टला लोणी लावत होती, तेवढ्यात फोन आला. आनेग्रेटचा. ही आखेनची, म्हणजे जर्मनीच्या बाजूची अधिकारी. डब्यांच्या प्रयोगाची अर्धी जबाबदारी तिच्यावर, अर्धी शलाकावर. बाई इतकी काटेकोर की 'सुप्रभात'सुद्धा वेळ बघून म्हणणारी. तिने आलेला इशारा जसाच्या तसा वाचून दाखवला. लिंडनस्ट्राटच्या कोपऱ्यावरच्या परतपेटीतून आलेल्या एका डब्यात अज्ञात पदार्थ सापडला आहे. आकार गोल, रंग पिवळा. प्रत्येकावर एक काळपट, सुरकुतलेली वस्तू दाबून बसवलेली. तूपसदृश स्निग्धांश, वेलदोड्याचा अंश. स्फोटक नाही.

शलाकाने डोळे मिटले. "ती काळपट वस्तू बेदाणा आहे," ती म्हणाली.

मग आनेग्रेटने विचारलं, की हे तुला इतक्या खात्रीने कसं माहीत. शलाकाने चिमीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली आणि खरं ते सांगून टाकलं. काल वडील लाडू वळत असताना तिनेच दोन चोरून खाल्ले होते.

नेदरलँड्सच्या पार दक्षिण टोकाला व्हाल्स नावाचं गाव आहे. गावामागच्या टेकडीवर एका दगडापाशी नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सीमा भेटतात. शलाकाचे वडील पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी चपला काढून त्या दगडाभोवती फेरी मारली होती, आणि तीन देशांना एका दमात प्रदक्षिणा घालणारा कऱ्हाडातला पहिला माणूस मीच, असं घरी येऊन जाहीर केलं होतं.

माणसांना ही सीमा कधीच जाचली नाही. इकडे राहायचं, तिकडे नोकरीला जायचं, पलीकडे बटाटे घ्यायचे. कचऱ्याला मात्र ती फार जाचली. दह्याची एकच डबी आखेनला विकत घेतली, व्हाल्सला खाल्ली आणि बेल्जियममधल्या आतेबहिणीकडे टाकली, तर तिची तीन गोत्रं निघत. जर्मनीत ती पिवळ्या पिशवीत जायची, बेल्जियममध्ये निळ्या, आणि इथे नगरपालिका सांगेल त्या. सगळ्या युरोपाचा एकच नियम असावा, हे प्रत्येक मंत्र्याला मान्य होतं. फक्त तो आपला असावा, एवढीच अट होती. पिशवीचा रंग कोणता यावर इतकी वर्षं खल चालला की तेवढ्यात कचऱ्याची माती झाली असती. पण तो प्लास्टिकचा, म्हणून झाली नाही.

मग एक नवा पदार्थ निघाला आणि पिशवीचा प्रश्नच मागे पडला.

झाडाच्या लाकडात तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं एक द्रव्य असतं, लिग्निन. कागदाच्या गिरण्या ते वेगळं काढून बहुतेक जाळूनच टाकत. त्याच्यापासून शास्त्रज्ञांनी काचेसारखा कडक, पण पडला तरी न फुटणारा पदार्थ बनवला. कडक प्लास्टिकच्या रेणूंची साखळी एकदा जखडली की जखडली. ओरखडा पडला तर तो जन्माचा. या पदार्थातले दुवे मात्र तापवल्यावर एकाचा हात सोडतात आणि शेजारच्याचा धरतात, टिपऱ्या खेळताना जोड्या बदलाव्यात तसे. जोड्या बदलतात, पण फेर तुटत नाही. त्यामुळे असा डबा गरम वाफेत धुतला की त्याचे ओरखडे आपोआप भरून येतात आणि तो पुन्हा नव्यासारखा होतो.

यातून आला तीन देशांचा सामायिक डबा. सरकारी नाव लांबलचक होतं. शलाकाच्या घरात त्याला फेरडबा म्हणत. कुठल्याही देशातल्या दुकानात त्यात सामान घ्यायचं आणि रिकामा झाला की कुठल्याही देशातल्या परतपेटीत टाकायचा. यंत्र तो धुणार, तपासणार आणि पुन्हा दुकानात पाठवणार.

गोम एकच होती. असा डबा घडवायला फेकायच्या डबीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागायची. ती वसूल व्हायची तर तो निदान पन्नासेक वेळा भरला जायला हवा. दोनदा वापरून कपाटात पडून राहिलेला फेरडबा हा फेकलेल्या डबीपेक्षा मोठा कचरा. आणि आजवरच्या सगळ्या प्रयोगांत हेच घडलं होतं. सुरुवातीला लोक हौसेने डबे परत आणत, मग हळूहळू विसरत.

व्हाल्सचा प्रयोग हा शेवटचा होता. दहातले नऊ डबे यंत्राकडे परत आले, तर हाच नियम युरोपीय युनियनच्या सगळ्या देशांपुढे जाणार होता. नाही आले, तर प्रत्येक देश आपापल्या पिशवीकडे परत. नियमाचा मसुदा शलाकाने लिहिला होता. पहिलं पान लिहिलं तेव्हा तिला कॉफीच्या वासानेही मळमळत होतं, आणि शेवटचं लिहिलं तेव्हा चिमी आतून लाथा मारून पूर्णविराम कुठे द्यायचा ते सांगत होती. दोन्ही बाळं तिने एकदमच वाढवली होती. एक सुखरूप जन्माला आलं होतं. दुसऱ्याचा भरवसा नव्हता.

अप्पा, तिचे वडील, कऱ्हाडच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा लेकीचं बाळंतपण करायला कोण जाणार, असा प्रश्न नातेवाइकांत निघाला, तर अप्पांनी तो तिथल्या तिथे मिटवला. "मीच जाणार. डिंकाच्या लाडवांना मिशा चालतात." आणि खरंच आले. बाळंतशोपा, खारका, हळिवाचं पुडकं आणि चिमीसाठी स्वतः शिवलेली कुंची घेऊन. शलाकाचा नवरा सुमेध इस्पितळात पाळ्या करायचा. तो आणि अप्पा मिळून चिमीला आंघोळ घालत, आणि पाण्यापेक्षा सल्लेच जास्त ओतले जात.

शलाकाने लाडवांचा विषय काढला तेव्हा अप्पा चिमीच्या लंगोटांच्या घड्या घालत होते. त्यांना मुळात कळेचना की बिघडलं काय. शेजारच्या गोदाबाईंनी या डब्यातून लीकच्या कांद्याचं सूप पाठवलं होतं. गोदाबाई म्हणजे गोडेलीव, बेल्जियमहून इथे येऊन राहिलेल्या, जन्मभर बस चालवलेल्या एक आजी. अप्पांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी सोयीचं करून घेतलं होतं. तर सूप संपलं, डबा धुतला, आता रिकामा कसा परत करायचा, म्हणून लाडू भरले आणि नेऊन पेटीत ठेवले.

"अप्पा, ती परतपेटी आहे. टपालपेटी नाही."

"मग गोदाबाईचा डबा गोदाबाईकडे जाणार कसा?"

"तो त्यांचा नाहीच. डबा कुणाचाच नसतो. धुऊन निघाला की ज्याला मिळेल त्याचा."

अप्पांनी लंगोट गुडघ्यावर ठेवून जरा विचार केला. "आणि सूप कुणाचं होतं?"

शलाकाला हसू येत होतं आणि रागही. एका डब्यापायी यंत्राने अख्खा क्रेट बाद केला होता. ती जरा तोडूनच बोलली, की हा माझ्या कामाचा प्रश्न आहे, पेटीत असलं काही पुन्हा जायला नको. अप्पांचा चेहरा एवढासा झाला. नाही जाणार, ते म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला, अगदी अक्षरशः. त्या दिवसानंतर अप्पांनी पेटीत काहीच टाकलं नाही. डबासुद्धा.

तीनेक महिन्यांनी आनेग्रेट स्वतः घरी आली. बूट दाराशी काढले, चिमीला गंभीरपणे नमस्कार केला आणि टेबलावर आलेख पसरला. बाकीच्या गल्ल्यांमध्ये परत येणारे डबे नेहमीसारखे हळूहळू घटत होते. लिंडनस्ट्राटची रेघ मात्र कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. तिच्यामागून सीमेपलीकडच्या, बेल्जियमच्या गेमेनिख गावातल्या एका वस्तीची रेघ गेली. आणि आता आखेनच्या एका चौकाचीही जायला लागली होती.

"तुझी गल्ली सगळ्यांत वाईट आहे," आनेग्रेट म्हणाली. "आणि ती साथीसारखी पसरते आहे."

चिमीला झोळीत छातीशी बांधून शलाका डबे शोधायला निघाली. पहिलंच दार गोडेलीवचं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती थबकली. ओट्यावर, खिडकीत, शेगडीशेजारी, सगळीकडे फेरडबे. आणि एकही रिकामा नाही. एकात अप्पांची शेंगदाण्याची चटणी होती, ती गोडेलीव पावावर लावून खात असे. दुसऱ्यात गेमेनिखला बहिणीकडे जाणारे वाफल. तिसरा बहिणीच्या जावयाकडून आखेनहून आला होता, आलुबुखारच्या मुरंब्याने काठोकाठ.

गोडेलीवने खुर्ची पुढे केली आणि सगळं सांगितलं. सुरुवातीला ती अप्पांना रिकामा डबा परत द्यायला गेली, की अप्पा हात मागे घेत. आधी तिला वाटलं, म्हातारा रागावला. मग एकदा तिने त्यात दोन सफरचंदं टाकून दिली, तर त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. तेव्हा उलगडा झाला. पुढे तिने बहिणीकडे डबा पाठवला आणि बहिणीने तो रिकामा परत दिला, तर गोडेलीवनेच हात मागे घेतला.

"आता मला रिकामा डबा द्यायची लाज वाटते," ती म्हणाली. "या वयात तुमच्या वडिलांनी मला नवी लाज शिकवली."

घरी परतताना शलाका रस्त्यात एकटीच हसत होती. तीन सरकारांचा प्रयोग तिच्या वडिलांनी एकट्याने, लाडू आणि चटणीच्या जोरावर, उलथून टाकला होता. डबे हरवले नव्हते. ते इतके वापरात होते की यंत्राकडे जायला त्यांना सवडच नव्हती. पण नियमात लिहिलं होतं: यंत्राकडे न आलेला डबा, हरवलेला डबा. आणि ते वाक्य तिने स्वतःच लिहिलं होतं.

गुरुवारी तीन देशांची समिती पाहणीला येणार होती. आनेग्रेटने उपाय सुचवला, तिच्या मानाने जवळजवळ लबाड. बुधवारी घरोघरचे सगळे डबे गोळा करायचे आणि एकदा यंत्रातून काढायचे. आकडा वर जाईल, नियम मंजूर होईल. यात खोटं काय आहे? डबे तर खरोखरच आहेत. गोडेलीवने गल्लीभर निरोप फिरवायची तयारीही दाखवली.

शलाका मोहात पडली. जिंकायचं तर हाच सरळ रस्ता होता. पण मग तोच नियम सगळ्या देशांत जाणार, आणि त्या नियमाच्या लेखी लिंडनस्ट्राट ही चोरांची गल्ली ठरणार. शिवाय इतर गल्ल्यांच्या रेघा घटतच होत्या. एकदा आकडा फुगवला तरी वर्षा-दोन वर्षांत सगळं बंद पडलंच असतं.

तिने डोकं धरलं होतं आणि समोर जमिनीवर चिमी एक झाकण धरून बसली होती. त्या वयाच्या शास्त्राप्रमाणे तिने ते तोंडात घातलं. मनसोक्त चघळलं, लाळेने माखलं. आणि झाकणाच्या कडेला हिरवा ठिपका उजळला.

शलाका बघत राहिली. झाकणाच्या आतून एक पातळ पट्टी असते, ती अन्नाची वाफ हुंगते. आत ताजं काही भरलं की हिरवी होते, नासायला लागलं की लाल. लोकांना शिळंपाकं कळावं म्हणून केलेली ती सोय. दुधाच्या लाळेने त्या पट्टीला वाटलं होतं, डबा भरला. आणि प्रत्येक वेळी असं जागं झालं की झाकण आपला आकडा एकाने वाढवून जवळच्या टॉवरला कळवत असे. कुठे आहे, कुणाकडे आहे, आत काय आहे, त्यातलं काही नाही. फक्त झाकणाचा क्रमांक आणि 'भरलो', एवढंच. तो आकडा जायचा अन्नसुरक्षेच्या खात्याकडे. कचऱ्याच्या खात्याला त्याच्याशी काय घेणं? एकाच इमारतीतले दोन मजले, पण जिना चढून कोण जाणार.

तिने वरच्या मजल्यावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, की येतात हो ते आकडे, पण आजवर कुणी मागितले नव्हते.

झाकणांचे क्रमांक लिंडनस्ट्राटच्या 'हरवलेल्या' डब्यांशी जुळवले आणि शलाकाने चिमीला उचलून स्वयंपाकघरभर नाचवलं. यंत्राच्या वाटेने फिरणारा शहाणा डबा पंधरवड्यातून एखादवेळी भरला जात होता. हे हरवलेले डबे एक दिवसाआड भरले जात होते. दोन-तीन तर पन्नासावर पोचलेही होते. जगातला पहिला फेरडबा, ज्याने आपली ऊर्जा फेडली होती, तो या क्षणी बहुधा गोदाबाईंच्या ओट्यावर चटणी सांभाळत होता.

आनेग्रेटने आकडे दोनदा तपासले. मग म्हणाली, "डबे गोळा करायचे नाहीत तर. पण गुरुवारी तू बोल. मला हे न हसता सांगता येणार नाही."

आता गुरुवारी आणखी एक भानगड होती. अप्पांनी पंचांग बघून त्याच दिवशी चिमीचं उष्टावण धरलं होतं. बाळाने पहिलं अन्न खायचं ते मामाच्या हातून, आणि मामा, म्हणजे शलाकाचा भाऊ, पुण्यात. तो फोनवर असेल असं ठरलं होतं, पण फोनमधून खीर भरवता येत नाही, याचं अप्पांना सकाळपासून वाईट वाटत होतं.

समितीचे तिघे आले. अध्यक्ष होते एटिएन मारेशाल, बेल्जियममधल्या लिएजचे, उंच, लांब कोटातले. हसणं त्यांना परवडत नसावं असा चेहरा. शलाकाने त्यांना धुणकेंद्रात नेलंच नाही. स्वयंपाकघरांतून फिरवलं. गोडेलीवकडे, मग टेकडी ओलांडून बहिणीकडे, मग आखेनला जावयाकडे. प्रत्येक ओट्यावर ती झाकणाचा आकडा दाखवी आणि सांगे, की आपण चुकीची गोष्ट मोजत होतो. डबा यंत्राकडे आला का, हे विचारायचंच नाही. तो भरला गेला का, एवढंच विचारायचं. आणि यंत्र? ओरखडे वाढले की लोक आपणहून आणून देतील. ज्या डब्यात आपण दुसऱ्याला खायला देतो, तो मळका कुणाला आवडतो?

मारेशालांनी दिवसभरात एकच प्रश्न विचारला. "खरोखर हरवलेला डबा कसा ओळखणार?"

"ज्या झाकणाने बराच काळ काहीच हुंगलं नाही, तो हरवला," शलाका म्हणाली. "मग तो कपाटात असो नाहीतर समुद्रात."

सगळे शेवटी शलाकाच्या घरी आले तेव्हा चिमी नव्या झबल्यात पाटावर बसली होती, पाठीला सुमेधचा हात, समोर चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. अप्पांनी पाहुण्यांकडे एकवार पाहिलं आणि शलाकाला मराठीत विचारलं, की या उंच माणसाला बहीण आहे का. शलाकाने नाइलाजाने प्रश्न पुढे सरकवला. मारेशाल म्हणाले, नाही, मी एकुलता एक.

"त्याला सांग, आजपासून आहे," अप्पा म्हणाले, आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

आनेग्रेट शलाकाच्या कानाशी वाकली. "हे हितसंबंधांच्या नियमात बसतं का?"

बसत नसावं. पण तोवर मारेशाल कोटासकट जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत होते. फोनमधून खरा मामा सूचना देत होता, त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. चमचा त्यांनी चिमीच्या ओठांपाशी नेला. चिमीने खीर तोंडात घेतली, कपाळाला आठ्या घालून विचार केला, आणि आणखीसाठी तोंड उघडलं. तेव्हा लिएजच्या त्या माणसाला हसू आलं. चांगलं मोठं, दात दिसतील असं.

निघताना अप्पांनी उरलेली खीर एका फेरडब्यात भरून त्यांच्या हातात ठेवली. निकालाबद्दल मारेशाल अवाक्षर बोलले नाहीत. मतदान सोमवारी, ब्रसेल्समध्ये.

शुक्रवारी शलाकाने मसुद्यातलं ते वाक्य बदलून पाठवलं आणि मधले दिवस कसेबसे काढले. सुमेधने तिला फोनपासून लांब ठेवायला कपडे वाळत घालण्यापासून गाजरं किसण्यापर्यंत सगळी कामं दिली. सोमवारी दुपार टळली, तरी निरोप नाही. आनेग्रेटचे तीन फोन येऊन गेले, आणि तिन्ही वेळा तिने फक्त हवामानाची चौकशी केली.

ऊन कलताना दारावरची घंटा वाजली. शलाकाने चिमीला कडेवर घेतलं आणि दार उघडलं. पायरीवर मारेशाल उभे होते, एकटे, ब्रसेल्सहून थेट आलेले. दोन्ही हातांनी डबा धरला होता, आणि झाकणाच्या कडेला हिरवा ठिपका.

"तांदळाची टार्ट आहे," ते जरा ओशाळून म्हणाले. "आमच्याकडची. सकाळी आईकडून शिकून केली. रिकामा कसा आणायचा, कळेना."

निकाल विचारायचा शलाकाला धीर नव्हता, आणि आता विचारायची गरजही उरली नव्हती.

"तिन्ही देशांनी हो म्हटलं," त्यांनी तरीही सांगितलं. "भरलेला डबा तो परत आलेला समजावा. तुमचं नवं वाक्य, एक स्वल्पविरामही न बदलता, आता युनियनच्या सगळ्या देशांपुढे जाईल."

आतून अप्पांनी विचारलं, कोण आलंय. तोवर मारेशालांनी डबा पुढे केला होता. चिमीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने दोन्ही हात पसरले, आईच्या कडेवरून अंग झोकून दिलं आणि मामाकडे झेपावली.